अस्तुरीबाईंचा दवाखाना

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत मोगलाईला परदेशच म्हणत. अमक्याचा भाऊ आफ्रिकेत सेवेला गेला आणि तमक्याची मुलगी मोगलाईत गेली, हे एकाच दमात सांगितलं जाई. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोलण्यातला तो मुलूख काही जवळ आला नव्हता. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, गंगाखेडच्या पलीकडे एका मॅडमना मराठी नर्स हवी आहे, तिकडच्या सेवेसाठी कोण पुढे येतं? हात वर केला तो माझ्या वडिलांनी. माझा हात मांडीवरच होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, तशी मी उठून उभी राहिले. त्या वर्षी मला कुणी ऊठ म्हटलं की मी उठत असे आणि बस म्हटलं की बसत असे. आई जाऊन थोडेच महिने झाले होते. माझी नर्सिंगची परीक्षा चालू होती म्हणून मला उशिरा कळवलं, आणि मी घरी पोचले तेव्हा तिला माती देऊन झाली होती. अवघडून बसल्यावर पाय कसा आपला वाटेनासा होतो, तसं माझं सगळंच झालं होतं. पायाला निदान मुंग्या येतात. मला त्याही येत नव्हत्या.

मनमाडला गाडी बदलली, परभणीला पुन्हा बदलली. गंगाखेडला गंगा, म्हणजे आपली गोदावरीच, ओलांडताना डब्यातल्या बायांनी पाण्यात पैसे टाकले आणि हात जोडले. तिथून पुढे बैलगाडी. राणीसावरगावच्या वाटेवर माळरान सुरू होतं, दगडच दगड, आणि मधूनच काळ्या मातीचा एखादा पट्टा. त्या वाटेवरच्या एका गावात मॅडमचा दवाखाना होता. घर दगडी, वर मातीचं धाब्याचं छप्पर, पुढे लांब ओसरी. ओसरीवर दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आमचं राहणं. मॅडमचं नाव अस्त्रिद. उत्तरेकडच्या कुठल्या बर्फाच्या देशातून त्या आल्या होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, भुवया इतक्या फिकट की उन्हात दिसतच नसत. गावाला अस्त्रिद हा शब्द काही पेलला नाही. त्या बाजूला बाईमाणसाला अस्तुरी म्हणतात, तेव्हा गावाने त्यांना अस्तुरीबाई करून टाकलं. म्हणजे बाईबाईच. मॅडमना याचा अर्थ कुणी सांगितला होता की नाही ठाऊक नाही. हाक आली की त्या मात्र लगेच ओ देत.

मॅडमचं मराठी पुस्तकातलं होतं. नारूने पाय सुजलेल्या माणसाला त्या विचारत, "आपणांस वेदना कोठे होत आहेत?" तो माणूस आधी मागे वळून पाही, हे कुणाला विचारलं म्हणून. मग मी विचारी, "कुठं ठणकायलंय बाबा?" आणि तो पाय पुढे करी. त्या गावात पायऱ्यांची विहीर होती, बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरत, आणि तिथूनच नारू घरोघर जाई. मॅडम काडीवर तो दोऱ्यासारखा किडा गुंडाळत बसायच्या, रोज थोडा थोडा, तुटू न देता. त्यांच्यासारखा धीर मी नंतर कुणात पाहिला नाही. तसं करताना त्या सांगायच्या, पाणी फडक्याने गाळून प्यावे. माणसं मान डोलवायची. पुढच्या वर्षी तीच माणसं दुसरा पाय घेऊन यायची.

सकाळी उठून आधी प्रार्थना. मग स्टोव्हचा तो फर्रर्र आवाज आणि त्यावर उकळणाऱ्या सुया. माझ्या त्या वर्षांचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. स्वयंपाकाला खैरूबी होत्या, थकलेल्या, एकट्या, दंडावर काळा गंडा. त्यांची माणसं मागेच हैदराबादेला निघून गेली होती आणि त्या गेल्या नव्हत्या. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, वर करडईच्या तेलाची धार, अंबाडी असली तर अंबाडी. मॅडम भाकरी दुधात कुस्करून चमच्याने खायच्या. खैरूबी म्हणायच्या, "ऐसा तो हमारे यहाँ बिन दाँत के बच्चे खाते, बाई." मॅडम हसायच्या. मी खाताना चव घेत होते असं मला आठवत नाही, पण हे पदार्थ अजून ओळीने आठवतात. आज नातवंडांना मी येसर करून घालते तर ती म्हणतात, आजी, ही आमटी किती काळी. मी म्हणते, खा गुमान.

रविवारी ओसरी झाडून आम्ही उपासना करायचो. मॅडम बाजाची पेटी वाजवायच्या, मी गायचे. ऐकायला समोरच्या कडुनिंबाखाली दोन-चार पोरं आणि एखादी शेळी. खैरूबी उंबऱ्याबाहेर पाठ करून तांदूळ निवडायच्या. एक तरुण गुरुजी बरेच दिवस नेमाने आले, बायबलातल्या गोष्टी इंग्रजीतून वाचून घेत. मॅडमच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत थोडी लाली आली होती. मग गुरुजींना परभणीला नोकरी लागली आणि ते पेढे देऊन गेले. इतक्या वर्षांत तिथे एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. गाव वाईट नव्हतं. लोक औषध घ्यायचे, नमस्कार करायचे, शेंगा आणून द्यायचे. पण गोळी दिली की ती हातात घेऊन, स्वतःच्या घरून आणलेल्या तांब्यातल्या पाण्याने गिळायचे. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याआधी आमचं घर गावकुसाबाहेर होतं. मी हे कुणाला बोलले नव्हते. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाला ते ठाऊक होतं. औषधाला विटाळ नसतो, पाण्याला असतो, एवढं मी तिथे शिकले. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी माठ भरून ठेवी, आणि तो आमच्या तिघींपुरताच लागे.

हिवाळा सरत आला की पूर्णेच्या बाजूने धनगरांची मेंढरं यायची. शेतकरी आपल्या रानात ती रात्री बसवून घेत, खतासाठी. एके वर्षी माघात एका दुपारी चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन माळावरून पळत आली. बाजेवर एक बाई होती, माझ्याच वयाची असेल. घोंगडी रक्ताने जड झाली होती. बाजेबरोबर एक म्हातारी चालत होती. तिच्या हातात कोयता तसाच राहिला होता, झाडपाला तोडता तोडता निघाली असावी. ती धोंडाई, बाजेवरच्या बाईची सासू. नवरा होता बिरू, काटकुळा, मुंडासं सुटलेलं. तो ओसरीच्या खाली उभा राहिला तो उभाच.

मूल आडवं आलं होतं आणि काल रात्रीपासून ती बाई रानात तशीच होती. मॅडमनी बाही वर केली. मी दिवा धरला, दुपार असूनही, कारण ओसरीच्या आतल्या बाजूला उजेड पुरत नव्हता. मूल बाहेर आलं, मुलगी. आधी रडली नाही, मग रडली. आई मात्र थांबली नाही. म्हणजे रक्त थांबलं नाही. मॅडमचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि त्या आपल्या भाषेत काहीतरी एकसारखं म्हणत होत्या. उन्हं कलायच्या आत सगळं संपलं. धोंडाईने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गेली का व माय?" मॅडमनी मान हलवली. त्या बाईला मी धुतलं. माझ्या आईला धुवायला मी नव्हते, हे तेव्हा मनात आलं, पण बाहेरून कुणी सांगितल्यासारखं आलं आणि गेलं.

त्यांनी तिला माळावरच पुरलं. मग म्हातारी मुलीला पदरात घेऊन गावात फिरली. तिच्या माणसांत त्या वेळी अंगावर दूध असलेली एकही बाई नव्हती. गावात होत्या, पण कुणी दार उघडलं नाही. आई खाल्लेली पोर, तिला पाजलं तर आपल्या लेकरावर येतं, असं बाया म्हणत. शेळीचं दूध पाजलं तर पोर ओकत होती. तिसऱ्या दिवशी मेंढरांना रानात काही उरलं नव्हतं आणि वाड्याला, म्हणजे त्यांच्या सगळ्या तळाला, हलणं भाग होतं. धोंडाई आमच्या ओसरीवर आली, फडक्यात गुंडाळलेलं पोर तिने मॅडमच्या पायाशी ठेवलं.

"अस्तुरीबाई, आमी जायलाव. हिला वाटंनं न्हेली तर मरतीया. तुमी ठिवून घ्या. दिवाळीला येताव आन न्हेताव. जगली तर."

मॅडमनी तिला विचारलं, "दिवाळीला आपण निश्चित येणार?"

"येताव म्हन्ते न्हवं. माझ्या सुनंचं हाय ते." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बाई, तुमी बी लांबच्याच. पर पोर धराया हात हाय तुमास्नी." आणि ती मागे न पाहता गेली. बिरू ओसरीवर चढलाच नाही.

त्या पोरीला मी बोळ्याने दूध पाजून वाढवलं. आपल्याकडे हे बोलायची म्हण म्हणून वापरतात. मी ते खरोखर केलं. कापसाचा बोळा उकळून घ्यायचा, शेळीच्या दुधात निम्मं पाणी, तो बुडवून ओठाला लावायचा. थेंब थेंब. एका पाजण्याला इतका वेळ जाई की संपेपर्यंत पुढच्याची वेळ होई. उन्हाळ्यात तिला हगवण लागली, डोळे खोल गेले, टाळू बसली. मॅडम आणि मी आलटून पालटून चमच्याने साखरमिठाचं पाणी घालत राहिलो. खैरूबी कोपऱ्यात बसून दुवा मागत. ती वाचली. मॅडम तिला नाव ठेवत नव्हत्या. "तिचे नाव तिच्या घरचे ठेवतील," म्हणायच्या. म्हणून आम्ही बाळ म्हणायचो, खैरूबी मुन्नी म्हणायच्या, आणि गाव म्हणायचं अस्तुरीची पोर. ज्या बायांनी दार लावून घेतलं होतं त्याच पुढे लोटीभर शेळीचं दूध ओसरीच्या कडेला ठेवून जायला लागल्या. लोटी आम्ही रिकामी करायची आणि उलटी घालून ठेवायची, त्या उचलून न्यायच्या. इतकी ये-जा आमची गावाशी कधीच झाली नव्हती.

ती रांगायला लागली ती सुयांच्या ट्रेकडेच. मग तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक खांबाला बांधायचं, असं सुरू झालं. बसलेले रोगी तिच्याशी खेळत. मला ती "बाय" म्हणे. झोपताना माझ्या कानाची पाळी धरून झोपे. तिच्यावर माझी माया होती का, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. ती रडली की मी उठे. तिच्या अंगाला तेल लावी. हातांना सगळं कळत होतं. आतपर्यंत ते पोचत होतं की नाही, ते मी पाहायला गेले नाही.

दिवाळी आली. धोंडाई आली नाही. मेंढरंही त्या बाजूला फिरकली नाहीत. हिवाळ्यात आमचे मिशनमधले वरचे साहेब जीपगाडीतून आले, ते वर्षातून एकदा येत. जाडजूड, बोलायला मोकळे, मला नेहमी चॉकलेट देत. बाळाला त्यांनी मांडीवर घेतलं आणि म्हणाले, हे तर आपलं पहिलंच मेंढरू, हिचा बाप्तिस्मा करून टाकू. मॅडम म्हणाल्या, तिची माणसं येणार आहेत. साहेबांनी एक वर्ष सोडून दिलं. पुढची दिवाळीही तशीच गेली. नंतर साहेब आले तेव्हा त्यांनी चॉकलेट काढलं नाही. ओसरीवर खुर्ची ओढून ते मॅडमशी बोलत बसले. इंग्रजीत बोलत होते, पण मला कळत होतं. या ठिकाणी इतकी वर्षं झाली, फळ एकही नाही. वरून विचारणा होते. हे ठिकाण चालू ठेवायचं तर काहीतरी दाखवावं लागेल. मुलीला दोन वर्षं होत आली, माणसं येणार असती तर आली असती. मॅडमनी खांबाला बांधलेल्या बाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ठीक आहे. नाताळच्या आधीचा रविवार ठरला, त्यासाठी साहेब पुन्हा येणार होते.

मॅडमनी त्यांचा एक पांढरा झगा उसवला आणि मी त्यातून बाळाला फ्रॉक शिवला. खैरूबींनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. दोन दिवसांनी एवढंच म्हणाल्या, "बच्ची की दादी को क्या बोलेंगे?" मी म्हटलं, "ती कुठली येतीय आता."

ती आली. रविवारला दोन-तीन दिवस राहिले असतील. दुपारच्या भर उन्हात धोंडाई आणि बिरू ओसरीच्या पायरीशी येऊन बसले. मेंढरं नव्हती. म्हातारी निम्मी झाली होती. बिरूच्या गालांत खळगे पडले होते. खांबाला बांधलेलं बाळ उभं राहून त्यांच्याकडे पाहत होतं.

"जगली व माय," धोंडाई म्हणाली. कितीतरी वेळ ती तेवढंच म्हणत राहिली.

मी मॅडमना बोलावलं. धोंडाईने सांगितलं ते असं, की येलदरीला पूर्णेवर धरण व्हायलंय, त्यांचं गाव बुडणाऱ्या गावांत निघालं, मोजणीवाले आले, मग घर हलवा, मग बिरू तापाने अंथरुणाला खिळला, निम्मी मेंढरं त्यात गेली. "रोज म्हन्ले, जायचं हाय, पोरगी हाय तिथं. पर निघनंच हुईना, अस्तुरीबाई."

तोवर ओसरीपुढे गाव जमलं होतं. त्यात एक म्हातारा होता, त्याच्या पायातला नारू आदल्या वर्षी आमच्याच हातांनी निघाला होता. तो काठी टेकत पुढे झाला. "धोंडे, इचार कर. दोन साल ह्यांच्या हातचं खाल्लंय पोरीनं. तुजी जात घेईल का तिला? ह्यांच्यातच राहू दे. तिचं बी बरं हुईल, तुजं बी."

धोंडाई उठली. तिचा आवाज चढला नाही. "पोर घिऊन तुमच्या दारोदार फिरले मी. तवा कुठं गेलती जात? तुजी सून बाळंतीन हुती. आतून कडी लावली का न्हाई तिनं?"

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. धोंडाई पुन्हा बसली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "बाई, पानी दे वाईच. घसा सुकलाय."

मी उभीच राहिले. त्या ओसरीवर आजवर कुणी माझ्याकडे पाणी मागितलं नव्हतं. "कोणतं देऊ?" मी विचारलं. कसा प्रश्न तो.

"पोरगी कंचं पेती? तेच दे."

मी माठातला तांब्या भरून आणला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि निम्मा पिऊन बिरूला दिला. बिरूने एकदा जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि उरलेलं पाणी प्यायला.

मी आत गेले. मॅडम आतल्या खोलीत बाळाचे कपडे घडी करत होत्या. मी म्हटलं, "देऊ नका." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यांच्याकडे आता घर नाही. मेंढरं राखील ती सगळा जन्म. इथं शिकेल. आणि साहेब रविवारी येणार आहेत. हे ठिकाण बंद करतील."

मॅडमनी घडी पुरी केली. "सगुणा," त्या म्हणाल्या, "त्यांनी मला दिवाळी, असे सांगितले होते. त्या उशिरा आल्या. परंतु आल्या."

"साहेबांना काय सांगणार?"

"साहेबांसाठी शिरा करू," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. पांढरा फ्रॉक त्यांनी गाठोड्यात घातला नाही. बाकी सगळं घातलं, दुधाचा चमचासुद्धा.

कमरेची पट्टी मीच सोडली. बाळाला उचलून धोंडाईच्या मांडीवर ठेवलं, तशी ती माझ्याकडे झेपावली. पुन्हा ठेवलं, पुन्हा झेपावली. धोंडाई म्हणाली, "आता तू आत जा बाई. तू दिसलीस तर ती राहायची न्हाई." मी आत गेले. खैरूबी चुलीपुढे बसून डोळे पुसत होत्या. "बाय, बाय" असं माळाच्या बाजूने ऐकू येत राहिलं, आधी मोठ्याने, मग थांबून थांबून, मग वाऱ्यावर आलं तरच. मी स्टोव्ह पेटवला आणि सुया उकळायला ठेवल्या. संध्याकाळी एकही रोगी नव्हता. तरी त्या उकळल्या.

लोक म्हणतात, असं काही झालं की माणूस मोकळा होतो, रडतो. मला कुणी विचारलं की मी म्हणते, हो, रडले. इतकी वर्षं झाली, कोण तपासायला येतंय. खरं म्हणजे मी रडले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. कानाच्या पाळीला मात्र झोपताना कितीतरी दिवस गार लागायचं.

रविवारी साहेब आले. मॅडमनी त्यांना ओसरीवरच सगळं सांगितलं, उभ्याने. साहेब आधी लाल झाले, मग थकल्यासारखे झाले. वाईट माणूस नव्हते ते. शिरा खाल्ला, प्रार्थना केली, आणि जाताना सांगितलं की उन्हाळ्यानंतर हे ठिकाण चालणार नाही. मॅडमनी मायदेशी जावं, मी नगरला. मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यातल्या जत्रेच्या आधी पटकीच्या सुया टोचून होऊ द्या, मग बंद करा. तेवढं साहेबांनी कबूल केलं. खैरूबींचं काय, हे कुणी बोललं नाही. पुढे त्या त्याच घरात राहिल्या. घराच्या मालकाने राहू दिलं असं ऐकलं.

चैत्रात सुया टोचायला सुरुवात केली. आता लोक स्वतःहून येत होते, रांग कडुनिंबाच्या पलीकडे जाई. मॅडम मोठ्या माणसांना टोचत, मी लहान मुलांना. एक दिवस रांगेत धोंडाई दिसली. त्यांची माणसं गंगाखेडच्या बाजूला उतरली होती, जत्रेच्या गर्दीत लेकरांना काही होऊ नये म्हणून ती मुद्दाम चालत आली होती. तिच्या कडेवर बाळ होतं. खणाचं परकर-पोलकं, डोळ्यांत काजळ, उन्हाने रापलेली, दंडाला काळा दोरा. अंगाने बरी होती. मी पाहत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. रांगेतली सगळी पोरं माझ्याकडे जशी पाहत होती तशीच, हातातल्या सुईकडे आधी आणि मग तोंडाकडे. मग तिने आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"वळख न्हाई राहिली व तिला," धोंडाई ओशाळून म्हणाली. "ल्हान हाय अजून."

"असू दे," मी म्हटलं. "नाव काय ठेवलं?"

"गोजरा. हिच्या आईचंच."

ती आई माझ्या हातांखाली गेली होती, मी तिला धुतलं होतं, आणि तिचं नाव मला त्या दिवशी कळलं. मी स्पिरिटचा बोळा घेतला. दंड धरला. त्या दंडाला मी किती तेल लावलं होतं, पण आता तो भरला होता आणि हाताला निराळा लागला. तिने किंकाळी फोडली, पाय झाडले, आजीला मिठी मारली.

"रडू नगं, रडू नगं," धोंडाई तिला थोपटत होती. "नर्सबाई हाय ती. कुनी न्हाई, नर्सबाई हाय."

मी बोळ्याने टोचलेली जागा चोळली. मागे लोक उन्हात उभे होते. धोंडाई बाजूला झाली तशी मी सुई पाण्यात टाकली, दुसरी घेतली, आणि म्हटलं, "चला, पुढचं कोण?"